बाळंतपणानंतर घरच्या घरी योग: पहिल्या दिवसापासून सहाव्या महिन्यापर्यंत

मला पहिली मुलगी झाली, तेव्हा योगाचे वर्ग घेऊ लागून मला सहा वर्षे झाली होती, आणि त्या सहा वर्षांच्या आत्मविश्वासानेच माझा घात केला. बाळंतपणासाठी मी फोंड्याजवळ माहेरी होते. सव्विसाव्या दिवशी आई बाळाला न्हाऊ घालत असताना मी सोप्यावर चटई पसरली आणि चार सूर्यनमस्कार घातले. दुखले काहीच नाही, उलट अंग हलके वाटले. रात्री मात्र आठवडाभर फिकट पिवळसर झालेले अंगावरून जाणे पुन्हा लालभडक झाले आणि सकाळी उभे राहताच खाली काहीतरी उतरून येत असल्यासारखा जडपणा जाणवू लागला. डॉक्टरांनी तपासून दोन दिवस पडून राहायला सांगितले आणि एवढेच विचारले, की एवढी घाई कसली होती.

मला आसने येत होती, त्यांचा क्रम ठाऊक नव्हता. बाळंतपणानंतर आधी श्वास, मग ओटीपोटाचा तळ, मग पोट, आणि आसने सर्वांत शेवटी, असा तो क्रम आहे. पुढे जे लिहिले आहे ते या क्रमाने लिहिले आहे, आणि त्यातील एखादी पायरी गाळून पुढची गाठू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. प्रसूतीत काही गुंतागुंत झाली असेल, रक्तदाब वाढलेला असेल, जास्त टाके पडले असतील किंवा रक्त चढवावे लागले असेल, तर पहिल्या पायरीपूर्वीही आपल्या डॉक्टरांना विचारावे.

शरीराला किती वेळ लागतो

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात आणि आयुर्वेदात सूतिकाकाळ दीड महिन्याचा सांगितला आहे. आधुनिक वैद्यकही सुमारे सहा आठवडे, म्हणजे 42 दिवसच धरते. प्रसूतीच्या वेळी सुमारे एक किलो वजनाचे असलेले गर्भाशय या काळात आकसत जाऊन शंभर ग्रॅमहूनही हलके होते. प्रसूतीनंतर लगेच ते बेंबीच्या आसपास हाताला लागते, रोज साधारण बोटभर खाली उतरते आणि दहा ते चौदा दिवसांत ओटीपोटाच्या हाडांमागे जाते. वार जिथून सुटली ती आतली जागा ही एक जखमच असते आणि ती भरत आल्याची खूण अंगावरून जाण्याच्या रंगात दिसते. पहिले तीन-चार दिवस ते लाल असते, दहाव्या दिवसापर्यंत तांबूस-तपकिरी होते आणि त्यानंतर पिवळसर-पांढरे होऊन चार ते सहा आठवड्यांत थांबते.

हा रंग हेच माझ्या मते घरातील सर्वांत विश्वासू मोजमाप आहे. फिकट झालेला स्राव श्रमानंतर पुन्हा लाल झाला, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजून एक पायरी मागे यावे. व्यायाम करताना बरे वाटले यावर विसंबू नये, कारण त्याचा हिशेब शरीर दुसऱ्या दिवशी सकाळी देते.

सांध्यांचे बंध मात्र सहा आठवड्यांत पूर्ववत होत नाहीत. गर्भारपणातील संप्रेरकांमुळे ते सैल झालेले असतात आणि हा सैलपणा काही महिने राहू शकतो. त्यामुळे या दिवसांत एखादे आसन पूर्वीपेक्षा सहज जमते आणि बाईला आनंद होतो. तो आनंद फसवा असतो. ताण जिथवर जातो तिथवर न नेता दोन बोटे अलीकडे थांबावे.

पहिले दहा दिवस: फक्त श्वास आणि घोटे

पहिल्या दिवसापासून करण्याजोगी गोष्ट म्हणजे पावलांची हालचाल. अंथरुणात पडल्या पडल्या पावले पुढे ताणावीत, मग स्वतःकडे ओढावीत, आणि घोटे दोन्ही बाजूंनी फिरवावेत. दर वेळी दहा-पंधरा आवर्तने, दिवसातून चार-पाच वेळा पुरेत. ही हालचाल क्षुल्लक वाटते, परंतु बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो, आणि निजून राहिल्याने तो वाढतो. म्हणूनच दवाखान्यात लवकर उठवून चालायला लावतात. घरी आल्यावरही खोलीतल्या खोलीत थोडे चालत राहावे. बाळंतिणीने खाटेवरून पाय खाली टेकवू नये, असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्या बायकांचा मान राखूनही ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागते.

श्वासाचा सराव असा करावा. पाठीवर निजून गुडघे दुमडावेत, पावले अंथरुणावर टेकवावीत आणि डोक्याखाली पातळ उशी घ्यावी. दोन्ही तळवे छातीच्या पिंजऱ्याच्या खालच्या फासळ्यांवर अशा रीतीने ठेवावेत, की मधल्या बोटांची टोके एकमेकांना जेमतेम टेकतील. नाकाने सावकाश श्वास घेतला की फासळ्या दोन्ही बाजूंना पसरतात आणि बोटे एकमेकांपासून दूर जातात. श्वास सोडताना ती पुन्हा जवळ येतात. पोट मुद्दाम फुगवायचे नाही आणि आत ओढायचेही नाही. गर्भारपणात फासळ्या वर सरकून पसरलेल्या असतात आणि श्वास छातीच्या वरच्या भागात अडकलेला असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी बोटे हलतच नाहीत असे पुष्कळ जणींना आढळते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती हलू लागतात. पाच मिनिटे, दिवसातून दोनदा, एवढाच हा अभ्यास आहे.

अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाटेखाली सोडावेत आणि हाताने रेटा देत बसते व्हावे. प्रसूती कशीही झालेली असो, किमान तीन महिने ही सवय ठेवावी.

ओटीपोटाचा तळ

जांघेच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले जे स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून तोलून धरतात, त्यांना येथे ओटीपोटाचा तळ म्हटले आहे. योगातील मूलबंध आणि अश्विनी मुद्रा या भागाशीच निगडित आहेत. नऊ महिने या झोळीने भार वाहिलेला असतो, त्यामुळे सिझेरियन झालेल्या स्त्रीलाही हा अभ्यास तितकाच लागतो. खालून टाके असले तरी दुखत नाही इतपत हलका अभ्यास काही दिवसांतच सुरू करता येतो. लघवीची नळी घातलेली असेल, तर ती काढून लघवी नीट होऊ लागेपर्यंत थांबावे.

स्नायू नेमके ओळखणे हीच खरी अडचण असते. कुशीवर निजून, चारचौघांत वायू अडवताना जसे मागून आवळतो तसे हलकेच आवळावे, मग तीच पकड पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणावी आणि संपूर्ण तळ आत व वर उचलला जात असल्याची जाणीव घ्यावी. नितंब घट्ट झाले, मांड्या एकमेकींना चिकटल्या किंवा श्वास कोंडला गेला, तर काम भलतेच स्नायू करत आहेत असे समजावे. श्वास सोडताना तळ उचलावा, तीन ते पाच सेकंद धरावा आणि श्वास घेताना पूर्णपणे सोडून द्यावा. असे आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. काही आठवड्यांत धरण्याचा वेळ दहा सेकंदांपर्यंत न्यावा. वर्गात मी आवळण्याइतकाच भर सोडण्यावर देते, कारण सतत आकसलेला तळही दुबळाच असतो आणि त्याने पुढे दुखणेही उद्भवते. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा सराव करू नये.

हे स्नायू हाताशी आले, की त्यांचा उपयोग दिवसभर करावा. खोकला किंवा शिंक येण्यापूर्वी, बाळाला पाळण्यातून उचलण्यापूर्वी श्वास सोडत तळ उचलून घ्यावा. ही एकच सवय लागली तरी पुढचे निम्मे काम झाले. विहिरीचे पाणी ओढणे, भरलेली बादली उचलणे आणि आदोळीवर (विळीवर) वाकून बसून नारळ खवणे ही तीन कामे मात्र दीड-दोन महिने घरातील दुसऱ्या कोणीतरी करावीत. बाळाच्या वजनापेक्षा जड काही उचलायचे नाही, ही सोपी खूणगाठ.

बाळंतिणीचे पोट बांधण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे. मऊ सुती कापडाने हलका आधार दिला, तर उठताना-चालताना बरे वाटते आणि त्याला माझी हरकत नाही. पण पोट लवकर आत जावे म्हणून करकचून बांधले, तर आतला दाब खाली त्याच झोळीवर येतो. कापडाखाली श्वास घेताना फासळ्या पसरत नसतील, तर ते घट्ट आहे. पोट आत घेण्याचे काम स्नायूंचे आहे, कापडाचे नव्हे.

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत

या काळात दहा मिनिटांचे दोन-तीन तुकडे पुरेसे होतात. सलग पाऊण तास मिळेल या आशेवर राहिलेली आई काहीच करू शकत नाही, कारण बाळ तेवढा वेळ देत नाही. सराव बाळाला पाजून झाल्यावर आणि स्वतः लघवीला जाऊन आल्यावर करावा. स्तन भरलेले असताना हात वर नेणेही नकोसे होते. बाळाला शेजारी सपाट अंथरुणावर पाठीवर निजवावे. तेल लावून मालिश झाल्यावर लगेच चटईवर उभे राहू नये. आपल्या घरांतील मोझाइकच्या लाद्या पावसाळ्यात आधीच ओलसर असतात आणि त्यांवर तेलाचे पाऊल घसरायला वेळ लागत नाही. पातळ चटई अशा लादीवर सरकते, म्हणून जूनपासून मी भिंतीलगत, खाली रबरी तळाचे पायपुसणे ठेवून सराव करायला सांगते.

श्वास आणि ओटीपोटाचा तळ यांत आता पोट जोडायचे. गुडघे दुमडून पाठीवर निजावे, श्वास सोडत तळ उचलावा आणि बेंबीखालचा भाग अलगद पाठीच्या कण्याकडे जाऊ द्यावा. कंबर जमिनीत दाबायची नाही. हे सहज जमू लागले, की श्वास सोडताना एक टाच जमिनीवरून घासत पुढे न्यावी आणि श्वास घेताना परत आणावी. दोन्ही पायांनी आळीपाळीने पाच-पाच वेळा करावे. पोटाच्या मध्यभागी उंचवटा उठला, तर टाच तितकी लांब नेऊ नये.

स्तनपानामुळे या दिवसांत सर्वांत जास्त दुखते ती मान आणि खांद्यांची मधली जागा. आई बाळाकडे वाकते म्हणून हे होते. खरे तर बाळाला उशीवर घेऊन छातीशी आणायला हवे. दुखणारी मान मोकळी करण्यासाठी खुर्चीत किंवा बल्कांवातील (दारापुढच्या ओसरीतील) सोप्यावर पाठ टेकून ताठ बसावे, खांदे कानांकडे उचलून मागे व खाली सोडावेत, आणि दोन्ही हात खांद्यांवर ठेवून कोपरांनी मोठी वर्तुळे काढावीत. बोटे गुंफून तळवे छताकडे नेण्याची पर्वतासनातील हाताची क्रिया आणि गोमुखासनातील फक्त हातांची पकड, गरज पडल्यास हातरुमाल धरून, या दोन्ही गोष्टी या काळात करता येतात. प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर दोन मिनिटे एवढे केले, तरी मानेला फरक पडतो.

प्राणायामापैकी अनुलोम-विलोम आणि भ्रामरी चालतात, मात्र कुंभक करू नये, म्हणजे श्वास रोखून धरू नये. कपालभाती, भस्त्रिका, अग्निसार, उड्डियान बंध आणि नौली यांनी पोटातील दाबात जोराचे चढउतार होतात, म्हणून त्या क्रिया तीन-चार महिने बाजूला ठेवाव्यात. पोट कमी करण्यासाठी कपालभाती करायला सांगणारे शेजारी भेटतातच. त्यांना हसून वाटेला लावावे. अंगावरून जाणे थांबेपर्यंत विपरीतकरणी, सर्वांगासन यांसारखी उलटी आसने आणि कंबर छातीपेक्षा उंच जाणाऱ्या स्थिती टाळाव्यात. पाय जड झाले असतील, तर निजून ते उशीवर ठेवावेत.

झोप तुटक होते, त्यावर योगनिद्रेचा मोठा आधार मिळतो. दुपारी पेज पिऊन झाली आणि बाळ निजले, की कुशीवर किंवा गुडघ्यांखाली लोड घेऊन पाठीवर पडावे आणि उजव्या अंगठ्यापासून एकेका अवयवाकडे क्रमाने लक्ष नेत जावे. मध्येच डोळा लागला तर लागू द्यावा.

सिझेरियन झाले असेल तर

सिझेरियनमध्ये त्वचा, चरबी, स्नायूंवरचे जाड आवरण आणि गर्भाशय असे अनेक थर कापून शिवलेले असतात, आणि बाहेरचे टाके वाळले म्हणजे आतले थर भरले असे होत नाही. श्वास, घोटे आणि ओटीपोटाचा तळ यांचा अभ्यास वर सांगितल्याप्रमाणेच करावा. खोकताना किंवा हसताना टाक्यांवर उशी धरावी. टाच घासत नेण्याचा प्रकार टाक्यांत ओढ बसत नसेल तरच, चौथ्या आठवड्यानंतर सुरू करावा. मालिश हात, पाय, पाठ यांची करावी, जखमेवर तेल लावू नये. सहाव्या आठवड्यातील तपासणीत डॉक्टरांनी होकार दिल्यावरही भुजंगासनासारखी पोट ताणणारी आसने तिसरा महिना संपेपर्यंत लांबवावीत. व्रणाच्या आसपास काही महिने बधिरपणा राहतो. तेथे ताण जाणवत नाही, म्हणून जास्त जपावे.

सहाव्या आठवड्यात पोटाची फट तपासणे

पोटाच्या मधोमध उभ्या असलेल्या स्नायूंच्या दोन पट्ट्या गर्भारपणात एकमेकींपासून दूर होतात. डॉक्टर याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. ही फट घरी तपासता येते. गुडघे दुमडून पाठीवर निजावे, दोन बोटे बेंबीच्या किंचित वर, टोके पायांच्या दिशेला करून पोटात हलकी दाबावीत आणि श्वास सोडत फक्त डोके व खांदे थोडे उचलावेत. बोटांच्या दोन्ही बाजूंना स्नायूंच्या कडा आवळलेल्या लागतात. मध्ये किती बोटे मावतात ते मोजावे, आणि बोट किती खोल जाते तेही पाहावे. बेंबीच्या खाली आणि चार बोटे वर अशीच तपासणी करावी.

एक-दोन बोटांची फट असेल आणि मधली पट्टी बोटाखाली ताठ लागत असेल, तर पुढच्या सरावाला हरकत नाही. आठव्या आठवड्यानंतरही दोन बोटांहून जास्त जागा असेल, किंवा डोके उचलताना पोटाच्या मधोमध लांबट उंचवटा उठत असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे आणि तोवर नौकासन, हलासन, फळीसारखे अंग ताठ धरण्याचे प्रकार आणि पोटाचे पीळ करू नयेत. अशा पोटाला उठाबशा काढायला लावणे म्हणजे उसवलेली शिवण आणखी ओढणे आहे.

सहा आठवड्यांनंतरचा अर्धा तास

डॉक्टरांची तपासणी झाली आणि अंगावरून जाणे थांबले, की खरा आसनांचा सराव सुरू होतो. पाच मिनिटे श्वास आणि ओटीपोटाचा तळ, हा प्रारंभ कायम ठेवावा. मग हात-गुडघ्यांवर येऊन मार्जारासन करावे: श्वास सोडताना तळ उचलून पाठ वर गोल करावी, श्वास घेताना पाठ फक्त सपाट होईपर्यंत आणावी. पोट खाली लोंबू द्यायचे नाही, हा येथील नेहमीच्या पद्धतीतील बदल आहे. आठ आवर्तनांनंतर शशांकासनात, गुडघे थोडे दूर ठेवून आणि छातीखाली उशी घेऊन विसावावे.

त्यानंतर सेतुबंधासन. श्वास सोडत माकडहाडापासून एकेक मणका उचलत नितंब वर न्यावेत आणि तसेच मणक्या-मणक्याने खाली यावे. पाच वेळा पुरे, आणि सिझेरियन असल्यास आठव्या आठवड्यानंतर. उभ्या आसनांत ताडासन, भिंतीचा आधार घेऊन वृक्षासन आणि पाय फार लांब न टाकता वीरभद्रासन ही तीन मला पुरेशी वाटतात. जांघेच्या हाडात किंवा कंबरेच्या मागच्या सांध्यात दुखत असेल, तर एका पायावर उभे राहणे आणि पाय फाकवणे दोन्ही सोडून द्यावे. मलासन, म्हणजे उकिडवे बसणे, आपल्याकडे सवयीचे असले, तरी खाली जडपणा असेपर्यंत नको. शेवटी सात मिनिटे शवासन. पहिले दोन आठवडे दिवसाआड आणि मग रोज, असा हा अर्धा तास वाढवावा.

सरावाने दूध कमी होते असे ऐकू येते. मध्यम व्यायामाने दूध आटत नाही. पाणी, पेज, नाचणीचे सत्त्व, डाळ, मासे हे पोटभर चालू ठेवावे, आणि सरकारी आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर 180 दिवस घ्यायच्या असतात, त्या मध्येच बंद करू नयेत. अनेकींचा थकवा आसनांनी न जाता त्या गोळ्यांनी जातो.

चटई गुंडाळून दवाखाना गाठावा असे प्रसंग

तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, मोठ्या गुठळ्या पडणे, 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, टाक्यांतून पू, एकाच पोटरीला सूज व दुखणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे, आणि डोळ्यांपुढे अंधारी आणणारी तीव्र डोकेदुखी, यांपैकी काहीही झाले तर योग, मालिश, शेक सर्व थांबवून त्वरित दवाखान्यात जावे. रात्र असली तरी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

मनाचेही तसेच आहे. पहिल्या दोन आठवड्यांत उगाचच रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि ते ओसरते. दोन आठवड्यांनंतरही उदासी टिकली, बाळ निजले तरी झोप येईना, बाळाविषयी काहीच वाटेना किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, तर भ्रामरी करत बसू नये. डॉक्टरांशी बोलावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. घरच्यांनी हे दृष्ट लागल्याचे लक्षण समजून वेळ दवडू नये.

तीन महिन्यांपासून सहाव्या महिन्यापर्यंत

तिसरा महिना संपल्यावर, फट मिटत आलेली असेल आणि खोकताना लघवीचा थेंब गळत नसेल, तर भुजंगासन, हलके पीळ आणि सूर्यनमस्कार परत आणावेत. सूर्यनमस्कार दोनच घालावेत, आणि अष्टांग नमस्काराच्या आधी गुडघे जमिनीवर टेकवून घ्यावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी जडपणा नसेल, तर आठवड्याला एक वाढवावा. मी स्वतः बारा सूर्यनमस्कारांवर सातव्या महिन्यात परतले. दुचाकीबाबतही तोच निकष लावते: खड्ड्यातून गाडी गेल्यावर खाली ओढ जाणवत असेल, तर अजून काही दिवस मागे बसून किंवा बसने जावे.

नोकरी करणाऱ्या आईची 26 आठवड्यांची रजा साधारण याच सुमारास संपत येते आणि अर्धा तास पुन्हा मिळेनासा होतो. अशा वेळी सर्वांत आधी उभी आसने सोडावीत आणि श्वास, ओटीपोटाचा तळ व मार्जारासन एवढी दहा मिनिटे राखावीत. ओटीपोटाच्या तळाचा अभ्यास तर पणजीच्या बसमध्ये उभे राहूनही करता येतो आणि शेजारच्या प्रवाशाला त्याचा पत्ताही लागत नाही.